आवडत्या लेखकाची किशोर-कादंबरी वाचताना होणारी फसगत

लेखक कितीही आवडता असला, तरी त्याने कुमारवयीनांसाठी लिहिलेले पुस्तक मुरलेला वाचक बहुधा एका बैठकीत उरकून टाकण्याच्या लायकीचे समजतो. इंग्रज विनोदकार टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांच्या 'द वी फ्री मेन' (२००३) या कादंबरीच्या बाबतीत ही घाई विशेष महागात पडते. ही कादंबरी 'डिस्कवर्ल्ड' मालेतली आहे, म्हणजे अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभ्या चार हत्तींनी तोलून धरलेल्या सपाट जगाच्या, १९८३ पासून रचल्या गेलेल्या ४१ कादंबऱ्यांपैकी एक. मालेतील प्रौढांच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणे नसतात, किशोरांच्या कादंबऱ्यांत असतात. एवढ्यावरून आशयही पातळ केला असावा, असा ग्रह होतो आणि तो साफ चुकीचा ठरतो.

नायिका टिफनी एकिंग ही मेंढपाळांच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी. नदीतून डोके वर काढणाऱ्या राक्षसीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात, असे परीकथांच्या पुस्तकात वाचल्यावर ती घरातली बशी मोजते, आठ इंच हे माप मनाशी पक्के करते, धाकट्या भावाला गोळ्यांचे आमिष दाखवून काठावर बसवते आणि राक्षसी वर येताच तिला फ्राइंग पॅनने हाणते. हा प्रसंग विनोदी आहे खरा, पण जो वाचक नुसता हसून पुढे सरकतो, त्याच्या हातून कादंबरीचे मर्मच निसटते. कारण ऐकीव गोष्टीला पुरावा मागणारी हीच वृत्ती मिसेस स्नॅपरली या एकाकी म्हातारीच्या हकिकतीमागे उभी आहे. सरदाराचा मुलगा बेपत्ता होताच गावकरी या म्हातारीला चेटकीण ठरवतात, बेघर करतात, आणि ती थंडीत मरते. हा मजकूर थोडक्यात येतो, म्हणून तो थांबून वाचावा.

'नॅक मॅक फीगल' या सहा इंची, निळ्या, चोऱ्यामाऱ्या आणि मारामाऱ्यांत रमणाऱ्या जमातीची स्कॉटिश वळणाची बोली डोळ्यांना अडखळवते. ती मोठ्याने वाचली की बरीचशी उलगडते. आपण मेलो असून हे जग म्हणजेच स्वर्ग, अशी या वीरांची समजूत असल्याने त्यांना मरणाचे भय नाही, भय आहे ते वकिलांचे. (प्रॅचेट यांचा मिस्कीलपणा येथे मोठ्यांच्या पुस्तकांपेक्षा तसूभरही कमी नाही.)

जुन्या वाचकाची आणखी एक निराशा ठरलेली असते: ग्रॅनी वेदरवॅक्स ही त्याची लाडकी चेटकीण अगदी अखेरीस येते. तिची वाट पाहण्यात पाने घालवण्यापेक्षा ग्रॅनी एकिंग या टिफनीच्या दिवंगत आजीकडे लक्ष द्यावे, कारण डोंगरावरची झोपडी, दोन कुत्री आणि तंबाखू एवढ्याच ऐवजातून उभी राहिलेली ही मेंढपाळ बाई कादंबरीचा खरा कणा आहे. टिफनीचा मुलूख ज्यांच्यावर बेतला आहे त्या दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्या, म्हणजे प्राचीन सागरी जीवांच्या अवशेषांपासून बनलेली मऊ चुनखडी, आणि तिच्यात सापडणारी कठीण गारगोटी हे या व्यक्तिरेखेचे जणू भूशास्त्रच होय. प्रॅचेट स्वतः त्याच प्रकारच्या भूभागात, विल्टशरमध्ये, राहत होते.

टिफनीच्या पाच कादंबऱ्या क्रमानेच वाचाव्यात. पाचवी, 'द शेफर्ड्स क्राउन', लेखकाच्या निधनानंतर २०१५ मध्ये आली. तिच्यावर त्यांचा अखेरचा हात फिरायचा राहून गेला होता आणि तिच्या आरंभीच एका जुन्या पात्राचा मृत्यू आहे, त्यामुळे ग्रंथालयाच्या फळीवर ती आधी सापडली तरी तेथून सुरुवात करू नये.