रे. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांचे चरित्र
(उपदेशकांसाठी व मंडळ्यांसाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग: फिलिप्पै ३:४-११, मार्क ९:१४-२९.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर इत्यादी ठिकाणच्या बाजारी शुभवर्तमान सांगताना उपदेशकास दोन प्रश्न ऐकावे लागतात. पहिला लोकांचा: "तू हा मार्ग पोटासाठी धरलास ना?" दुसरा त्याच्या स्वतःच्या मनाचा: "मला अजून शंका येतात, तर मी खरा विश्वासी आहे काय?" या दोन्ही प्रश्नांवर गोरेशास्त्री यांचे चरित्र प्रकाश पाडते.

१. विरोधक. नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. काशी येथे त्यांनी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले. जॉन म्यूर नामक स्कॉटिश अधिकाऱ्याने ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ रचिला होता. त्याचे खंडन करण्यासाठी गोरे यांनी सुमारे विसाव्या वर्षी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहिला. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीही ते वाद करू लागले. परंतु ज्याचे खंडन करावयाचे ते आधी वाचले पाहिजे, म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र हाती घेतले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले. यावरून असे दिसते की, प्रामाणिकपणे आक्षेप घेणारा मनुष्य आपला शत्रू नव्हे. त्याचे बोलणे सहनशीलतेने ऐकून घ्यावे.

२. किंमत. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. शास्त्री म्हणून काशीत मिळणारा मान त्यांनी सोडिला व आप्तांचे दुःख डोळ्यांनी पाहिले. पत्नी लक्ष्मीबाई यांनीही पुढे ख्रिस्ताचा स्वीकार केला. परंतु १८५३ साली कन्या एलेन लक्ष्मी जन्मल्यावर लवकरच त्या निवर्तल्या. कन्येचे पालनपोषण इतरांच्या घरी, पुढे इंग्लंडात, झाले. मोठेपणी ती स्वदेशी परतली व १८९७ साली डीकनेस झाली. ज्याने इतके गमावले, त्याने हा मार्ग पोटासाठी धरिला असे कोण म्हणेल? तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंडिताचा त्याग मोठा व मजुराचा लहान, असा हिशेब देवापाशी नाही. विहिरीचे पाणी बंद झाले असताही जो विश्वास सोडीत नाही, त्यानेही मोलच दिले आहे.

३. दीक्षा. गोरे हे एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, अँग्लिकन मंडळीचे सेवक होते. (हिंदुस्थानातील ती मंडळी १९४७ साली दक्षिणेत व १९७० साली उत्तरेत इतर मंडळ्यांशी एक झाली.) तिच्यात सेवकपदाच्या तीन पायऱ्या आहेत. डीकन हा साहाय्य करितो. प्रीस्ट हा प्रभुभोजनाचा विधी चालवितो व मंडळीचे पालन करितो. बिशप हा दीक्षा देतो व सर्वांवर देखरेख ठेवितो. गोरे १८६८ साली डीकन व १८७० साली प्रीस्ट झाले. बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत वीस वर्षे लोटली. त्या काळात त्यांनी उपदेश केला, अध्यापन केले आणि १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सहा दर्शनांची एकेक करून परीक्षा आहे. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. पद नव्हते म्हणून काम थांबले नाही, हे आपल्या उपदेशकांनी अवश्य पाहावे.

४. शंका. आता नाजूक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतरही गोरे यांस शंकांनी वारंवार ग्रासिले. त्या त्यांनी झाकून ठेविल्या नाहीत. विचार, वाचन व प्रार्थना यांच्या योगे ते त्यांच्याशी झगडत राहिले. १८७६ साली ते इंग्लंडातील कौली येथील संन्यस्त पाळकांच्या संघात राहावयास गेले. परंतु अखेरपर्यंत उमेदवारच राहिले. कायमचे व्रत त्यांनी घेतले नाही. तरी मुंबई-पुण्यातील सुशिक्षितांपुढे व्याख्याने देणे, लिहिणे व मंडळीची सेवा त्यांनी सोडिली नाही. १८९५ साली ते प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले.

त्यांच्या या झगड्याचे फळ पाहा. पंडिता रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती मताविषयी प्रश्न होते, तेव्हा गोरे यांच्या लेखनाचे व पत्रांचे त्यांस साहाय्य झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याने स्वतः शंकेचा डोंगर चढला, तोच दुसऱ्यास वाट दाखवू शकला. मार्काच्या शुभवर्तमानातील त्या मुलाच्या बापाची गोष्टही तशीच आहे. त्याने आपला अविश्वास प्रभूपुढे कबूल केला, आणि प्रभूने त्याला परत पाठविले नाही.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, मंडळीतील कोणी शंका विचारली तर त्यावर रागावू नका. उत्तर ठाऊक नसेल तर शोधून सांगेन म्हणा, आणि खरोखरच शोधा. गोरे यांची विद्या आपणांपैकी थोड्यांसच मिळेल. त्यांचा प्रामाणिकपणा सर्वांस मिळू शकतो.

मननार्थ प्रश्न:
१. खंडनासाठी वाचू लागलेल्या गोरे यांचे मन कशाने पालटले?
२. ख्रिस्तासाठी आपण काय सोडिले आहे? काय धरून ठेविले आहे?
३. आपल्या मंडळीत शंका उघड विचारावयास कोणास भीती वाटते काय? ती कशी दूर करता येईल?