वाहनतळाशेजारचा खड्डा केवढा असावा?

वार्षिक सभेत नव्या वाहनतळाचा आराखडा मांडला, तेव्हा बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवर आले: मागच्या कोपऱ्यात एवढा मोठा खड्डा कशाला? तिथे गाड्या मावल्या असत्या, आणि तो पैसा आरोग्य शिबिराला देता आला असता. प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नव्हे, निवृत्त डॉक्टर. पण बांधकाम समितीवर असल्यामुळे हे गणित शिकून घेतले.

आज तिथे सुमारे एक एकर हिरवळ आहे. ती पावसाचा बराच भाग पिते, उरलेला हळूहळू सोडते. डांबर जवळजवळ सगळे पाणी सोडून देते, तेही घाईने. आणि उताराखाली शेजाऱ्यांची तळघरे आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

एक एकर किंवा अधिक जमीन खणली-हलवली की राज्याचे नियम लागू होतात. त्यातला एक मार्ग असा: बांधकामानंतर पाण्याचा कमाल वेग पूर्वीच्या कमाल वेगाच्या ठरावीक टक्क्यांतच हवा. २ वर्षांच्या पावसाला ५० टक्के, १० वर्षांच्या पावसाला ७५ आणि १०० वर्षांच्या पावसाला ८०. (१० वर्षांचा पाऊस म्हणजे कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता दहात एक असलेला.)

आता हिशेब. एका एकरावर तासाला एक इंच पाऊस पडला की सेकंदाला जवळजवळ एक घनफूट पाणी होते. हिरवळीवरून त्यातले साधारण ०.३ वाहते, डांबरावरून ०.९५. समजण्यासाठी धरू की हिरवळीवर तासाला ४ इंच दराने पाऊस येतो: वेग १.२ घनफूट. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ०.९, एवढेच आपल्याला बाहेर सोडता येईल.

वॉर्डात आम्ही रुग्णाचा आत-बाहेरचा तक्ता ठेवत असू: शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला. खड्ड्याचा तक्ताही तसाच. १५ मिनिटांचा ४.८ इंच दराचा पाऊस: आत ४,१०० घनफूट, बाहेर ८१०, साठा ३,३००. अर्धा तास, ३.४ इंच: साठा ४,२००. एक तास, २.२ इंच: आत ७,५००, बाहेर ३,२४०, साठा ४,३००. दोन तास, १.३५ इंच: साठा पुन्हा २,७५०. म्हणजे सर्वांत जोराची सर खड्ड्याला सर्वांत जड जात नाही. मध्यम जोराची, तासभर चालणारी जाते. म्हणून एकाच पावसावर आकार ठरवायचा नसतो, सगळ्या कालावधींचा तक्ता मांडायचा असतो.

तीन फूट खोल धरला तर ४,३०० घनफुटांना मध्यावर ३८ फूट बाजूचा चौकोन लागतो. उतरत्या कडा आणि वरची फूटभर मोकळी जागा धरली की माथ्यावर ५३ फूट. निव्वळ क्षेत्रफळाने सतरा गाड्या. शिवाय निकास पहिल्या मिनिटापासून पूर्ण वेगाने वाहत नाही, आणि १०० वर्षांचा पाऊस अजून बाकीच आहे. त्यामुळे आराखड्यातला खड्डा याहून मोठा आहे. परवान्यासाठी अभियंत्यांनी संगणकावर सविस्तर पद्धत वापरली आहे; माझी ही हातची रीत फक्त समजण्यापुरती.

ही पुष्करणी नव्हे, हेही सांगतो. कमळे लावण्याची सूचना आली होती! हा खड्डा ७२ तासांत रिकामा व्हायलाच हवा. क्युलेक्स डासाला उन्हाळ्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये आढळलेला वेस्ट नाइल विषाणू हाच डास पसरवतो, आणि त्याचा गंभीर त्रास आपल्या वयाच्या मंडळींना जास्त होतो.

पाणी सोडणारे भोक मात्र वरच्या हिशेबाने जेमतेम साडेचार इंचांचे. प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णाचे काय होते, ते वाचकांतल्या काही काकांना ठाऊक आहे. ओंजळभर ओल्या पानांनी इथे तेच होईल. म्हणून यंदाच्या निधीच्या आवाहनात खड्ड्याच्या देखभालीसाठी वेगळी ओळ ठेवली आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दर शनिवारी आरतीनंतर जाळी साफ करायला चार स्वयंसेवक हवे आहेत. नावे कार्यालयातल्या वहीत लिहावीत. दाताळे आणि हातमोजे ट्रस्ट देईल. बूट आपापले आणावेत.