मेंदूच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट: हातात पडल्यावर काय करायचं

मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट आला की घरातली मंडळी थेट शेवटची ओळ गाठतात. 'ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४' एवढं वाचलं की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि मग कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. रिपोर्ट असा वाचायचा नसतो. त्यातली एकेक ओळ पुढच्या उपचाराशी बांधलेली असते आणि त्यातल्या काही ओळी गाळलेल्या असतील, तर त्या मागून घ्याव्या लागतात.

सुरुवात रिपोर्टच्याही आधी, ऑपरेशन थिएटरच्या दारापासून करू. अनेक ठिकाणी काढलेला तुकडा बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती देतात आणि "लॅबमध्ये पोचवा" म्हणतात. बरणीत फॉर्मॅलिनच आहे ना, हे सिस्टरना विचारा. पाणी, सलाइन किंवा स्पिरिट चालत नाही. त्यात पेशी बिघडतात आणि पुढची कुठलीही तपासणी भरवशाची राहत नाही. तुकड्याच्या निदान दहापट तरी फॉर्मॅलिन हवं. लेबलवर पेशंटचं नाव, तारीख, मेंदूची बाजू आणि जागा लिहिलेली हवी. बरणी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी देऊ, असं करू नका.

ऑपरेशन चालू असतानाच एक बारीक तुकडा तपासून आतून निरोप येतो: 'हाय ग्रेड ग्लायोमा'. हा निरोप सर्जनसाठी असतो. हाती लागलंय ते गाठीतलंच आहे आणि पुरेसं आहे, एवढं त्याला कळायला हवं असतं. घाईत काचेवर दाबून रंगवलेल्या पेशींवरून दिलेलं हे मत म्हणजे शेवटचं निदान नव्हे. दोन्हींत फरक पडला तर कोणी चुकलं असं समजू नका.

आता हातातला रिपोर्ट. आधी वरचा भाग बघा: वय, लक्षणं, गाठीची जागा, एमआरआयचा निष्कर्ष. ही जागा कोरी असेल तर पॅथॉलॉजिस्टने निम्मी माहिती नसताना निदान केलंय, असं समजा आणि एमआरआयची प्रत नेऊन द्या. साठीच्या माणसाचं डोकं दोन महिन्यांपासून सकाळी उठल्या उठल्या ठणकतं, सोबत उलटी होते, एक हात जड पडलाय, बोलताना शब्द सापडत नाहीत, ही एक गोष्ट. पस्तिशीतल्या बाईला आठ वर्षांपासून फिट येतात आणि आता गाठ सापडली, ही निराळी. भिंगाखाली दोघांच्या पेशी सारख्या दिसल्या तरी संशय वेगवेगळ्या दिशेला जातो. घरचे जे सहज सांगून जातात, "हल्ली फार चिडायला लागले होते, हिशेबात चुकायचे", तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असेल तर पहिलं लक्षण बऱ्याचदा स्वभावातच दिसतं.

ऑपरेशनआधी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का, हेही सांगा. मेंदूतला लिम्फोमा त्या गोळ्यांनी विरघळल्यासारखा होतो आणि बायोप्सीत ओळखू येत नाही. मात्र चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

यानंतर येतं सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन. रिपोर्टचा खरा गाभा हाच, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. चार गोष्टी शोधा. पेशींची दाटी आणि वेडेवाकडे केंद्रक. पेशीविभाजन, म्हणजे 'मायटोसिस'. रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ. आणि मृत भाग, म्हणजे 'नेक्रोसिस'. शेवटच्या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गाठ रक्तपुरवठ्याच्या पुढे धावते, आतल्या वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि प्राणवायू न मिळालेला भाग मरतो. जिवंत पेशी तिथून बाजूला सरकतात आणि मेलेल्या भागाच्या कडेने कुंपणाच्या मेढींसारख्या दाटीने उभ्या राहतात. रिपोर्टमधला 'पॅलिसेडिंग' हा शब्द याच चित्राचा. गुदमरलेल्या या पेशी नव्या वाहिन्यांसाठी रासायनिक संदेश सोडतात. त्यातून उगवणाऱ्या वाहिन्या जाड, गुंतवळ झालेल्या आणि गळक्या असतात.

आता एमआरआयची फिल्म उजेडात धरा. मध्ये काळा भाग, भोवती जाडसर, ओबडधोबड पांढरं कडं, त्याबाहेर सूज. मधला काळा भाग म्हणजे बहुतेक ते नेक्रोसिस. एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध गळक्या वाहिन्यांतून बाहेर पडतं, त्याने कडं उजळतं आणि सूजही त्याच गळतीची. फिल्म आणि रिपोर्ट असे एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर विचारा. तुकडा फार लहान होता का, गाठीच्या कडेचा होता का? ही गाठ जागोजागी वेगळी असते. कडेचा तुकडा सौम्य दिसू शकतो. उलट नुसत्या कड्यावरूनही निदान होत नाही. आपल्याकडे क्षयाची गाठ, पू झालेला फोड, टेपवर्मच्या अळीची गाठ आणि दुसरीकडून आलेला कॅन्सर, सगळेच असं कडं दाखवतात. म्हणून तर डोकं उघडून तुकडा घ्यावा लागतो.

पुढे 'आयएचसी' नावाखाली काही रंगतपासण्या असतात. जीएफएपी पॉझिटिव्ह असेल तर गाठ मेंदूच्या ग्लिअल पेशींची, असं मानायला आधार मिळतो. केआय-६७ च्या टक्केवारीवर लोक फार अडकतात. किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत, एवढंच ती सांगते. तिच्या एकटीच्या जोरावर ग्रेड ठरत नाही. तिथे थांबू नका.

थांबायचं ते आयडीएचपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमधला ग्लिओब्लास्टोमा म्हणजे आयडीएच जनुकात बदल नसलेली गाठ. बदल असेल तर तशाच दिसणाऱ्या गाठीला ग्रेड ४ ॲस्ट्रोसायटोमा म्हणतात आणि ती तुलनेने सावकाश वाढते. नेहमीची रंगतपासणी आयडीएच-१ मधला फक्त सर्वांत जास्त आढळणारा बदल पकडते. म्हणून पेशंट ५५ पेक्षा लहान असेल आणि ती निगेटिव्ह आली, तर जनुकाचं सीक्वेन्सिंग करायचं का, हे विचारलंच पाहिजे. आणखी एक, आयडीएच बदललेलं नसेल आणि टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांतले ठरावीक बदल सापडले, तर नेक्रोसिस दिसलं नाही तरी गाठ ग्रेड ४ मध्येच जाते. दुसरी महत्त्वाची तपासणी एमजीएमटी मिथायलेशन. ते असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा गुण जास्त येण्याची शक्यता असते. वयस्कर, अशक्त पेशंटचा उपचार ठरवताना तर हिचा फार उपयोग होतो.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत करू नका. ग्रेड ४ म्हणजे अंगभर पसरलेला कॅन्सर नव्हे. ही गाठ मेंदूबाहेर क्वचितच जाते, पण मेंदूच्या आत मात्र तिच्या पेशी दिसणाऱ्या सीमेच्या पुष्कळ पुढे, मज्जातंतूंच्या वाटेने घुसलेल्या असतात. "सगळी गाठ काढली" असं सांगूनही शेक (रेडिएशन) का द्यायचे, याचं उत्तर हेच आहे.

आता आकडे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या शेकांनंतर निम्मे पेशंट १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. सोबत टेमोझोलोमाइड दिलं तेव्हा १४.६ महिन्यांपेक्षा जास्त. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. १४.६ ही कुणाच्या मरणाची तारीख नाही, हे घरात एकाने तरी नीट समजून घ्यावं. त्या चाचणीतले एकूण ६० ग्रेचे ३० शेक आजही नेहमीचा आधार आहेत. वयस्करांना कमी दिवसांचा क्रमही देतात. ऑपरेशननंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावेत, असं पाहतात. त्यामुळे दुसरं मत जरूर घ्या, पण रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट त्यासाठी अडवून ठेवू नका. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर कुठल्या तपासण्या त्यात बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

दुसऱ्या मतासाठी नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या स्लाइड आणि ब्लॉक नव्याने तपासतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या पेशंटचा तुकडा. सगळ्या जनुकीय तपासण्या त्याच्यातूनच होतात आणि तो संपला की दुसरा मिळत नाही. लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड सही देऊन घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा, स्लाइड कापसात गुंडाळून डबीत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत ब्लॉक सोडून जाऊ नका; मेण मऊ पडतं.

तपासणी झाली की ब्लॉक परत मागा आणि पोचपावती फाइलला लावा. गाठ पुन्हा वाढली तर डॉक्टर तोच मागतील.