परिचारिकेचे शिक्षण आणि कर्जाचा हिशेब

आष्टी तालुक्यातील आमच्या बंधुभगिनींस कर्ज ही गोष्ट नवीन नाही. मुकादमाची उचल घेऊन नवराबायको कारखान्यावर ऊस तोडावयास जातात, आणि एका हंगामात न फिटलेली उचल पुढल्या हंगामाच्या मानेवर बसते. अशा घरची मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन परिचारिका व्हावयाचे म्हणते, तेव्हा आईबापांस आनंद होतो आणि धास्तीही वाटते. हे कर्ज उचलीसारखेच होईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर भीतीने देऊ नये व हौसेनेही देऊ नये. ते हिशेबाने द्यावे.

प्रथम शिक्षणाची मुदत पाहू. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे व बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. पदवीस पुढे बढतीची वाट अधिक मोकळी असते हे खरे. परंतु जी.एन.एम. झालेली मुलगी एक वर्ष आधी मिळवू लागते, आणि एका वर्षाचा खर्चही वाचतो.

आता कर्ज पाहू. समजा, पदवीसाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये शेकडा १० व्याजाने घेतले. शिक्षण चालू असता व त्यानंतर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. तथापि व्याज थांबत नाही. सरळ व्याज धरले तरी पाच वर्षांत ते १ लाख ४० हजार होते, म्हणजे फेड ५ लाख ४० हजारांची करावी लागते. दहा वर्षांत फेडावयाचे झाल्यास महिन्यास सुमारे ७,१४० रुपये हप्ता बसतो.

मिळकत किती धरावी? महाराष्ट्र शासनाच्या सेवेत परिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. ह्याच आकड्यावर पुष्कळ घरे भुलतात. शासकीय जागा थोड्या व उमेदवार फार असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांत निदान २०,००० रुपये द्यावे अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे हातात पडलेला पगार नव्हे. म्हणून २०,००० धरूनच हिशेब करावा, फार तर त्याहूनही कमी धरावे. त्यांतून ७,१४० गेले म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गेले. खोलीभाडे व जेवण वजा जाता घरी काय येणार?

आमचे मत असे की, हप्ता पगाराच्या चौथाईहून अधिक नसावा. वरील रीतीनेच अडीच लाख घेतले, तर हप्ता सुमारे ४,४६० येतो. हे ओझे उचलता येण्याजोगे आहे.

तेव्हा कर्ज कमी कसे होईल हे आधी पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गांतील मुलींस, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेने मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही माफी मिळत नाही. म्हणून दलालाच्या शब्दावर विसंबू नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. वसतिगृह व जेवण यांपुरतेच कर्ज काढावे, आणि शिक्षण चालू असताच व्याज भरत जावे, म्हणजे रक्कम फुगत नाही. बँक तारण मागत नाही, म्हणून पैसे परत मागणार नाही असे मात्र कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट. संस्थेस भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही. नोंदणीवाचून नोकरी नाही, आणि कर्ज मात्र राहते. शिक्षण अर्ध्यावर सुटले तरीही हीच गत होते.

उचल दरवर्षी नवी घ्यावी लागते. हे कर्ज बेताने घेतले तर एकदाच घ्यावे लागते व एके दिवशी संपते. हाच मोठा भेद होय.

विचारार्थ प्रश्न

१. शुल्क माफ झाल्यावर एकंदर किती रुपये कमी पडतात?

२. पहिल्या नोकरीत २०,००० हूनही कमी मिळाले, तर हप्ता कोण व कशातून भरील?

३. गावात वाचता येणाऱ्या कोणी बँकेचा कागद आईबापांस अखेरपर्यंत वाचून दाखविला आहे काय?