भाकरीची हमी : दुष्काळात आणि युद्धात



प्रत्येक मिस्सामध्ये आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि तीत रोजची भाकर मागतो. ही भाकर आपण एकट्यासाठी मागत नाही, सर्वांसाठी मागतो. या ‘सर्वां’मध्ये कोण कोण येतात आणि त्यांच्यापर्यंत भाकर कशी पोहोचते, याचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

1. योसेफाची कोठारे

उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायातील योसेफाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठवले, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश जगला. परंतु 47 वा अध्याय आपण क्वचितच वाचतो. त्यात लोक धान्यासाठी आधी पैसे देतात, मग जनावरे देतात आणि शेवटी आपली जमीन व स्वतःलाही फारोच्या स्वाधीन करतात. म्हणजे माणसे जगली, पण गुलाम होऊन जगली.

येथे आपल्याला एक प्रश्न मिळतो. भुकेल्या माणसाला धान्य तर मिळाले पाहिजेच. पण त्याने बैल, जमीन आणि मान गमावण्याच्या आधी ते मिळेल का?

2. बहात्तर साल

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही बहात्तरच्या दुष्काळाविषयी विचारा. ते लाल मिलोची भाकर, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम यांबद्दल सांगतील. विहिरी आटल्या होत्या, गुरांना चारा नव्हता. तरीही त्या दुष्काळात पूर्वीच्या दुष्काळांसारखे माणसांचे मोठे मरण झाले नाही. 1899-1900 च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसे मोठ्या संख्येने दगावली होती.

फरक कशामुळे पडला? मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रस्ते, नाला बांध, पाझर तलाव अशी ती कामे होती. कामाची मजुरी हातात पडत होती, म्हणून बाजारात आलेले धान्य गरिबाला विकत घेता येत होते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे हीच गोष्ट 1943 च्या बंगालच्या दुष्काळाच्या अभ्यासातून दाखवली. महायुद्धाच्या त्या काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली. तेव्हा धान्य अगदीच नव्हते असे नाही. मजूर, कोळी, कारागीर यांच्याजवळ ते घेण्याची ऐपत उरली नव्हती.

3. उपकार नव्हे, हक्क

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात एक प्रयोग केला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, असा तो प्रयोग. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाई आणि खेड्यातील मजुराची चूल पेटे. शेजारधर्म कायद्याच्या रूपानेही पाळता येतो, हे आपण यातून शिकतो.

पुढे 2005 साली देशासाठी वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा झाला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. 2015 साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या झालेल्या 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य सुरू केले. त्यात आपला जिल्हा होता. 2023 पासून त्यांना धान्याऐवजी खात्यात रक्कम देण्याचा निर्णय झाला.

या सर्वांना मिळून सामाजिक संरक्षण म्हणतात. संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, संकटाच्या आधीच उभी केलेली ही व्यवस्था असते.

4. युद्ध आले की काय होते?

आपल्यासारखीच एक योजना 2005 साली इथिओपिया या गरीब देशात सुरू झाली. टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबांना गावातले काम आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळत. जनावरे विकण्याची पाळी येऊ नये, हा तिचा हेतू होता. परंतु नोव्हेंबर 2020 मध्ये तिग्राई प्रांतात युद्ध पेटले. बँका बंद, फोन बंद, रस्ते बंद. जून 2021 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोक उपासमारीच्या सर्वांत भयंकर अवस्थेत असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले. जिला अनेक वर्षे उभारले, ती व्यवस्था बंदुकीपुढे टिकली नाही.

सुदानमध्ये एप्रिल 2023 मध्ये युद्ध सुरू झाले. ऑगस्ट 2024 मध्ये दारफुरमधील झमझम छावणीत माणसे भुकेने मरत असल्याचे जाहीर झाले. तेथे मुख्य कारण पाऊस नव्हता, अडवलेले रस्ते होते. नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे हत्यार बनू नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे 2018 मध्ये केला आहे. पण ठरावाने भाकर पोहोचत नाही.

मग युद्धाच्या देशात काहीच करता येत नाही का? येमेनचे उदाहरण पाहा. तेथे 1996 पासून गरीब कुटुंबांना ठराविक रक्कम देणारा सरकारी निधी होता. 2015 साली युद्धामुळे वाटप थांबले. पण सुमारे 15 लाख कुटुंबांची यादी शिल्लक होती. 2017 साली युनिसेफने जागतिक बँकेच्या पैशातून त्याच यादीच्या आधारे रोख मदत सुरू केली. भूक संपली नाही, युद्धही थांबले नाही; पण लाखो घरांत काही दिवसांचे पीठ आले. शांततेच्या काळात गरिबाचे नाव नीट लिहून ठेवले, तर युद्धातही त्याला शोधता येते.

5. मुंबईतले एक आवाहन

डिसेंबर 1964 मध्ये पोप पॉल सहावे युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला आले होते. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून जगातील गरिबांसाठी एक निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी तेथून सर्व राष्ट्रांना केले. 1967 च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी ते पुन्हा मांडले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 2020 साली शस्त्रांचा पैसा भूक संपवण्याकडे वळवण्याची तीच मागणी केली. इतकी वर्षे झाली, तो निधी अजून झालेला नाही. 2030 पर्यंत जगातील भूक संपवण्याचे वचन राष्ट्रांनी 2015 साली दिले आहे. त्याची मुदत आता जवळ आली आहे.

6. आपल्या धर्मग्रामात

सुदान आपल्यापासून दूर आहे, पण रेशनचे दुकान जवळ आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्यातील एक आजी दुकानातून दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतल्या. आयुष्यभर मजुरी करून बोटे झिजलेली, मशीनवर अंगठा उमटेना. त्यांनी कोणाला सांगितले नाही. आपलेच काही चुकले असे त्यांना वाटले. तिसऱ्या वेळी युवक मंडळातील एक मुलगा सोबत गेला. आधार केंद्रावर ठसे पुन्हा नोंदवून घेतले आणि धान्य मिळाले. दोन महिने त्या माउलीने काय खाल्ले, हे आपण कोणी विचारले नव्हते.

कायद्यात हक्क असून भागत नाही. तो मागण्यासाठी सोबत येणारा माणूसही लागतो. म्हणून या महिन्यात आपण तीन गोष्टी करू या. आपल्या वाडीतील वृद्ध व एकट्या व्यक्तींच्या रेशन कार्डावरील नावे तपासू या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना सांगू या की त्यांचे धान्य दुसऱ्या गावीही घेता येते. आणि काम मागणाऱ्याला अर्ज लिहून देऊ या व तारखेची पोचपावती घ्यायला लावू या.

चिंतनासाठी प्रश्न

(1) आपल्या घरी बहात्तर साल पाहिलेले कोणी आहे का? त्यांच्याकडून मुलांनी काय ऐकले आहे?

(2) मदत घेताना माणसाचा मान जातो, असे आपण केव्हा वागलो आहोत?

(3) आपल्या शेजारी अशी कोणती व्यक्ती आहे, जी रिकाम्या पिशवीने परतते आणि कोणाला सांगत नाही?

मिस्सानंतर कुटुंबात किंवा वाडीच्या सभेत या प्रश्नांवर बोलावे, आणि युद्धाच्या छायेत उपाशी झोपणाऱ्या लेकरांसाठी एक प्रार्थना म्हणावी, ही नम्र विनंती.