येणे खरे, पण शाबीत कसे?
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘बुडीत कर्ज’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. नफा-तोटा पत्रकाच्या डाव्या बाजूला आपण ती रक्कम लिहितो, ऋणकोंच्या आकड्यातून वजा करतो, आणि ताळेबंद जुळला की उदाहरण संपते. त्या ऋणकोचे पुढे काय झाले, हे पाठ्यपुस्तक विचारत नाही. माझ्या घरी असे एक ‘उदाहरण’ प्रत्यक्ष घडले. त्यातून जे शिकायला मिळाले ते माझ्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बेळगावच्या वडगाव भागात आमचे चार यंत्रमाग आहेत. बाबा साड्या विणून घेतात व आसपासच्या गावांतील दुकानदारांना उधारीवर देतात. कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचे एक जुने गिऱ्हाईक होते. वीस वर्षांचा व्यवहार. दसऱ्याला माल, पाडव्याला हिशेब. २०२० व २०२१ च्या टाळेबंदीत त्या दुकानाचे कंबरडे मोडले. पुढे त्या गृहस्थांनी स्वतःच न्यायालयात अर्ज केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना नादार ठरवले. थोड्याच दिवसांत आमच्या घरी नोटीस आली : आपले येणे असल्यास ते शाबीत करावे.

बाबा म्हणाले, “शाबीत काय करायचं त्यात? वीस वर्षं माल नेतोय तो. अख्ख्या पेठेला ठाऊक आहे.”

पेठेला ठाऊक असणे आणि न्यायालयात शाबीत होणे यांत किती अंतर आहे, हे आम्हांला नंतर कळले.

कायदा कोणता?

व्यक्तीच्या नादारीसाठी आपल्या देशात दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, आणि इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. साध्या दुकानदाराचे दिवाळे वाजले तर अजूनही १९२० चाच कायदा उघडावा लागतो. त्याचे वय त्यातील आकड्यांवरून कळते. अर्ज करण्यासाठी कर्ज किमान पाचशे रुपयांचे हवे. नोकराच्या थकलेल्या पगाराला वाटपात अग्रक्रम आहे, पण तो सगळा मिळून फक्त वीस रुपयांपर्यंत!

नादार ठरवणारा हुकूम झाला की ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते. त्यानंतर बिनतारणी घेणेकऱ्याने दुकानात जाऊन आपल्या साड्या उचलून आणायच्या नाहीत, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून वसुलीचा दावाही लावायचा नाही. सर्वांनी एकाच दारातून आत जायचे. ते दार म्हणजे कलम ३३ ची घेणेकऱ्यांची यादी. ज्याचे येणे तीत लागले त्याला वाटपात हिस्सा.

यादीत येण्याची रीत कलम ४९ मध्ये आहे. येण्याचे शपथपत्र करून न्यायालयात द्यायचे किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायचे. त्यात हिशेबाचा तपशील हवा आणि तो कोणत्या पावत्या-व्हाउचरांनी सिद्ध होतो हेही लिहायला हवे. ही कागदपत्रे न्यायालय केव्हाही मागवू शकते.

आमचा हिशेब आणि त्यावरील हरकती

शपथपत्रासोबतचा हिशेब मी तयार केला. एकूण सात बिले, सप्टेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळातली, मिळून १,४०,००० रुपयांची. बँकेतून जमा झालेले ५२,००० वजा जाता बाकी ८८,०००. शिवाय २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी दिलेले हातउसने रोख २५,०००. एकूण मुद्दल १,१३,०००. बिलावर छापलेल्या दराने, म्हणजे शेकडा २४ ने, ठोकळमानाने दोन वर्षांचे व्याज ५४,२४०. सर्व मिळून १,६७,२४० रुपये. अक्षर सुवाच्य काढले, बेरीज दोनदा तपासली आणि मी निश्चिंत झालो.

महिन्याभराने हरकती आल्या, त्या चार.

पहिली हरकत एका बिलाबद्दल. २४ साड्यांचे, १८,००० रुपयांचे ते बिल. हा माल आपल्याला पोचलाच नाही, असे नादाराचे म्हणणे. पन्नास हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तो कागद नव्हता. बिल आमच्या जीएसटी विवरणात होते. पण तेही आम्हीच भरलेले. आपणच लिहिलेल्या दोन कागदांनी एकमेकांना दुजोरा दिला तरी समोरच्याने माल घेतला हे ठरत नाही. शेवटी बिलांच्या तारेला टोचलेली एक चिठोरी सापडली. त्या दुकानातील विक्रेता संकेश्वरकडचा होता आणि त्याने कानडीत लिहिले होते : ‘सीरे २४ मुट्टिवे’. खाली सही व तारीख. कानडीत ‘मुट्टु’ म्हणजे स्पर्श करणे आणि पोचणेही. येथे अर्थ उघड होता, साड्या २४ पोचल्या. मी लगेच मराठी भाषांतर करून वकीलसाहेबांकडे नेले. ते हसून म्हणाले, “तू घेणेकऱ्याचा मुलगा. तुझं भाषांतर कोण घेणार?” त्यांनी दुसऱ्या जाणकाराकडून ते करून घेतले, आणि त्या विक्रेत्याने अक्षर आपले असल्याचे शपथेवर सांगितले. त्याचाही चार महिन्यांचा पगार थकलेला होता. ज्याच्या अग्रक्रमाची किंमत कायद्याने वीस रुपये केली आहे, त्या माणसाच्या एका ओळीने आमचे अठरा हजार वाचले.

दुसरी हरकत हातउसन्या पैशांची. आमच्याकडे फक्त रोजकीर्दीतली नोंद होती. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, बँकेचा उतारा नाही. येथे पुराव्याच्या कायद्यातील एक नियम प्रत्येक वाणिज्य विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते; पण तेवढ्या एका नोंदीवर कोणाच्याही डोक्यावर देणे लादता येत नाही. १८७२ च्या कायद्यात हे कलम ३४ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ आहे. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या १९६७ च्या निवाडे-संग्रहात आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या खात्यालाही हाच नियम लावला. बँकेची वहीसुद्धा एकटी पुरेशी नसेल, तर आमच्या लाल वहीची काय कथा! त्यातून वीस हजार किंवा त्यापुढील कर्ज रोखीने घेऊ नये, असे त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २६९ एसएस सांगत होते. नादाराने अर्जासोबत दिलेल्या देण्यांच्या यादीतही या रकमेचा उल्लेख नव्हता. ते २५,००० नामंजूर झाले. ते पैसे दिले गेले हे मला माहीत आहे. कपाटातून पाकीट मीच आणून दिले होते. पण घरच्या मुलाच्या आठवणीचे वजन किती?

तिसरी हरकत व्याजाची. येथे वाद घालण्यासारखे काही नव्हते. कलम ४८ प्रमाणे वाटपासाठी व्याज शेकडा सहापेक्षा अधिक धरता येत नाही. ठरलेला दर त्याहून जास्त असला, तर सर्वांची शाबीत देणी पूर्ण फिटल्यावर काही उरले तरच तो फरक मिळतो.

चौथी हरकत माझ्या वर्मी लागली. पंधरा साड्या, किंमत १२,०००, परत पाठवल्या होत्या आणि त्या जमा धरलेल्या नाहीत, असे नादाराचे म्हणणे. मी ठामपणे म्हणालो, “खोटं आहे.” तरी खात्री करावी म्हणून गोदामाची चोपडी काढली. हिशेब करताना ती मी उघडलीच नव्हती. बिले आणि बँकेचे पासबुक एवढ्यावरच भागवले होते. चोपडीत बाबांच्याच अक्षरात होते : परत आल्या ८. दर ८००. म्हणजे ६,४०० रुपये. जमापत्र काढायचे राहून गेले होते.

रात्री ती वही मी बाबांपुढे ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधीच बुडालंय. त्यात आपल्याच हातानं आणखी कमी करायचं काय?” मी गप्प बसलो. चूक माझी होती, आणि त्या शपथपत्रावर सही बाबांची होती. सकाळी मात्र चहा घेताना तेच म्हणाले, “आठ आल्यात, आठच लिही. पंधरा लिहू नकोस.” पुरवणी शपथपत्र करून आम्ही ६,४०० कमी केले. उरलेल्या सात साड्यांचा पुरावा नादाराला देता आला नाही.

अखेर ८१,६०० मुद्दल आणि सहा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज ९,७९२, असे ९१,३९२ रुपयांचे येणे यादीत लागले. मागितले होते १,६७,२४०.

मुदतीचा प्रश्न आमच्या बाबतीत उद्भवला नाही, पण तो लक्षात ठेवावा. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी आणि उसन्या पैशासाठी साधारण मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली तर ती नव्याने सुरू होते. मुदतबाह्य येणे यादीत लागत नाही.

ही चाळणी कशासाठी?

‘देणे खरे असताना एवढी उलटतपासणी का?’ हा प्रश्न माझ्याही मनात होता. त्याचे उत्तर हिस्सेरशीच्या गणितात आहे. नेहमीच्या दाव्यात वादी आणि प्रतिवादी असे दोघेच असतात. नादारीत एका घेणेकऱ्याची रक्कम वाढली की ती नादाराच्या खिशातून जात नाही, कारण तो खिसा रिकामाच असतो. ती दुसऱ्या घेणेकऱ्यांच्या वाट्यातून जाते. समजा, खर्च आणि अग्रक्रमाची देणी वजा जाता तीन लाख उरले आणि शाबीत येणी पंधरा लाखांची आहेत. रुपयाला वीस पैसे मिळतील. आमच्या ९१,३९२ ला सुमारे १८,२७८ रुपये. आता कोणी पाच लाखांचे खोटे येणे यादीत घुसवले, तर येणी वीस लाख होतील आणि रुपयाला पंधरा पैसे पडतील. आमच्या हाती १३,७०९. न झालेल्या कर्जासाठी आम्ही साडेचार हजारांहून अधिक भरल्यासारखेच ते होईल.

म्हणूनच नादारीचे न्यायालय कागदाच्या मागे जाऊन पाहते. १९०७ च्या व्हॅन लॉन या इंग्रजी प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले गेले : हुकूमनामा असो, करार असो की मान्य केलेला हिशेब असो, त्यामागे खरे कर्ज आहे का हे तपासण्याचा नादाराच्या विश्वस्ताला हक्क आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. नादाराने स्वतः दिलेली कबुली इतर घेणेकऱ्यांना बांधत नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे यादीत चुकीने लागलेली नोंद रिसिव्हरच्या अर्जावरून रद्द किंवा कमी करता येते. रिसिव्हरने लक्ष घातले नाही तर कोणताही घेणेकरी तसा अर्ज करू शकतो.

आमच्या प्रकरणात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. नादाराच्या एका नातेवाइकाने पाच लाखांची वचनचिठ्ठी पुढे केली आहे. वचनचिठ्ठी मोबदल्यासाठी दिली असे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. पण ते गृहीत खोडता येते. पैसे कोणत्या खात्यातून गेले, कोठे जमा झाले, हे रिसिव्हरने विचारले आहे. चौकशी चालू असल्याने ती चिठ्ठी खरी की खोटी यावर मी काही लिहिणे योग्य नाही. बाबांनी मात्र वकीलसाहेबांना एवढेच सांगितले, “आमचे पंचवीस हजार ज्या चाळणीतून गळाले, त्याच चाळणीतून हे पाच लाख जाऊ देत. दुसरं काही मागणं नाही.”

विद्यार्थिमित्रांनो, आपण जमाखर्च शिकतो तो परीक्षेसाठी. पण पुरावा न्यायालयात तयार होत नाही. ज्या दिवशी माल जातो, परत येतो किंवा पैसे हातातून सुटतात, त्याच दिवशी तो तयार होतो किंवा कायमचा राहून जातो. पोच घ्या, मग ती कानडीत असो की मराठीत. परत आलेल्या मालाचे जमापत्र त्याच दिवशी काढा. उसने द्यायचे तर बँकेतून द्या. आणि हिशेब मांडताना आपल्या विरुद्ध जाणारी वही आधी उघडा. दुसऱ्याने ती उघडायला लावण्यापेक्षा ते बरे.

वाटप अजून झालेले नाही. मागांवर नव्या साड्या चढल्या आहेत. हल्ली माल बाहेर पडताना बाबा दारात उभे राहून हमालाला विचारतात, “पोच कुणाची आणणार?” आणि गोदामाची चोपडी आता माझ्या टेबलावर असते.