पाकिटाचं डिझाइन: आधी फोन छपाईवाल्याला

घरचा गोडा मसाला दुकानात ठेवायचं ठरलं की पहिला फोन डिझायनरला जातो. तो छपाईवाल्याला जायला हवा. पाकीट कशावर आणि किती छापायचं यावरच डिझाइन कसं हवं ते ठरतं, आणि खर्चाचा मोठा आकडाही तिथेच दडलेला असतो.

सुरुवातीला पाचशे-हजार नगच लागणार असतील तर बाजारातले कोरे स्टँडी पाऊच घ्या आणि छापील स्टिकर लावा. त्यात कमीपणा काही नाही. माल चालला की मग छापील पाऊच. त्याच्या रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. पाऊचचं माप बदललं की अख्खा संच नवा. ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅम अशी चार मापं, रंग सात, म्हणजे २८ सिलिंडर. एकाचे ५,००० रुपये धरले तरी १,४०,००० झाले, आणि अजून एक पाकीटही छापलेलं नाही! दोन मापांत, चार रंगांत भागवलं तर तेच ४०,०००. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर रंगांखाली पांढरा थर लागतो, नाहीतर रंग मळकट दिसतात. तो पांढराही एक रंगच, त्यालाही सिलिंडर आलाच. म्हणून डिझायनर निवडताना मोबाइलवरची चित्रं पाहून भुलू नका. त्याने केलेली, बाजारात विकली जाणारी पाकिटं हातात घेऊन बघा.

किंमत, बॅच आणि तारखांची जागा कोरी ठेवायला सांगा. ते भरताना मशीनने मारता येतं. छापून टाकलं तर भाव वाढला की सिलिंडरचा खर्च पुन्हा.

डिझाइनच्या फीला धरबंध नाही. एका लेबलचे पाच-सात हजार सांगणारा होतकरू कलाकार भेटेल, तसाच नाव-लोगोसकट लाखाच्या घरात जाणारा स्टुडिओही. जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के. आकड्यापेक्षा त्यात काय काय येतं ते विचारा: नमुने किती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, बाकीच्या मापांचे वेगळे पैसे का, फोटो कोण काढणार. फॉन्टचा खर्च लावला असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट धंद्यासाठीही फुकट आहेत, हे माहीत असू द्या.

मजकूर मात्र डिझायनरवर सोडू नका. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं तुम्हीच लिहून द्या. अन्नपदार्थावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जोडीला चालते, एकटी नाही. आपल्याच राज्यात हे खटकतं, पण नियम तसा आहे.

आता कागदपत्रं. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, पैसे चुकते केले तरी, आपोआप तुमचा होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी करून घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात घाला. शेवटचा हप्ता ओपन फाइल हातात आल्यावरच द्या. नुसती पीडीएफ घेतलीत तर उद्या पत्त्यातला पिनकोड बदलायलाही त्याच्याच दारात जावं लागेल.